शिलाईतली माया

आई ब्लाउज शिवायची. गिऱ्हाईक बाई ताठ उभी राहून माप द्यायला लागली की आई टेप बाजूला ठेवायची. "घरात अशीच उभी असतेस का गं?" असं विचारून तिला हात वर करायला लावायची, खाली बसून उठायला सांगायची आणि मगच वहीत आकडा लिहायची. शिवताना आतल्या बाजूला बोटभर कापड जादा ठेवायची. शिवणकामात त्याला माया म्हणतात. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, वय वाढल्यावर तोच ब्लाउज उसवून सैल करता यावा म्हणून ठेवलेली ती सोय.

मी कापडात न जाता लोखंडात गेलो. सातिवलीत माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ग्रिल, मशीनचे स्टँड, स्टेनलेसच्या टाक्या ही आमची रोजची भाकरी. पण गेली बारा-तेरा वर्षं याच गाळ्यात रेसिंग गाड्यांचे सांगाडेही बनतात. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक ही कामं पोरं स्वतः करतात. माणूस जिथे बसतो ती चौकट मात्र माझ्या टेबलावर येते आणि माझा जीव तिच्यातच अडकलेला असतो.

ही पोरं म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ. दरवर्षी एक छोटी, एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी स्वतः आखायची, बनवायची आणि कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरवायची. तो ट्रॅक ज्यांच्या नावाचा आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून स्वस्तातल्या रेसिंग गाड्या बनवल्या आणि त्यातून या देशातले कित्येक ड्रायव्हर तयार झाले. काही संघ चिखलातल्या बाहा गाड्या करतात. ती स्पर्धा आपल्याकडे २००७ पासून पीथमपूरला सुरू झाली. मुंबईत पाइप वाकवून, खाचा पाडून, टिग वेल्डिंग करून देणारा माणूस परवडत नाही, म्हणून पोरं विरार लोकल पकडतात, वसईला उतरतात आणि शेअर रिक्षानं सातिवलीला येतात. एकाच्या पाठीवर लॅपटॉप, दुसऱ्याच्या बगलेत स्टिअरिंग.

पहिला संघ आला तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. ड्रॉइंग दिलं, पाइप दिले, मी बनवून दिलं. मुख्य कमानीला, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागून डोक्यावर जाणाऱ्या मेन हूपला, २५ मिमी व्यासाचा आणि अडीच मिमी जाडीचा स्टीलचा पाइप लागतो. वाकवताना तो आतल्या बाजूनं चुरगळता कामा नये, एवढंच तेव्हा समजलं होतं. सांगाडा देखणा झाला. संध्याकाळी त्यांचा ड्रायव्हर पहिल्यांदा आत बसला आणि गाळ्यात एकदम शांतता झाली. त्याचे खांदे दोन्हीकडच्या पाइपांत रुतले होते. हेल्मेट घातल्यावर डोकं मेन हूपच्या वर निघालं. कॉम्प्युटरवर त्यांनी एक सडपातळ बाहुला बसवला होता. त्याला हेल्मेट नव्हतं, अंगात जाड आगरोधक सूट नव्हता आणि पाठीमागे सीटची जाडी नव्हती.

नियम साधा आहे. मेन हूपच्या टोकापासून पुढच्या कमानीच्या टोकापर्यंत सरळ पट्टी धरली, तर ड्रायव्हरचं हेल्मेट त्या पट्टीच्या किमान ५० मिमी खाली राहिलं पाहिजे. गाडी उलटली तर जमीन त्या पट्टीच्या जागी येते. आमच्याकडे हेल्मेट पट्टीच्या वर ७० मिमी होतं. जमिनीवर आधी कमान टेकली असती की डोकं, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

पुढचे तीन दिवस आम्ही ग्राइंडरनं आमचंच काम कापलं. कापडाची शिलाई उसवली तरी कापड राहतं. पाइप कापला की वेल्ड घासावा लागतो, जोड पातळ होतो, चौकट तिरकी होते. लोखंडात माया सोडता येत नाही. ती लोखंडाच्या आधी कुठेतरी सोडावी लागते, हे मी त्या तीन रात्रींत शिकलो.

तेव्हापासून माझ्या गाळ्याचा एक नियम आहे. आधी प्लंबरच्या पीव्हीसी पाइपांची आणि जुन्या प्लायची गाडी बनवायची. कोपऱ्यात बांधायच्या दोऱ्या, चिकटपट्टी, खिळे. जमिनीवर खडूनं चाकं काढायची. संघातला प्रत्येक ड्रायव्हर सूट, बूट, हातमोजे, हेल्मेट घालून त्यात अर्धा तास बसणार. वसईच्या दमट हवेत अर्ध्या तासात घामाची आंघोळ होते, पण तोच घाम खरं सांगतो. पहिल्या पाच मिनिटांत सगळे म्हणतात, "मस्त आहे काका." वीस मिनिटांनी एकजण हळूच गुडघा चोळायला लागतो. तिथे पाइप आडवा येत असतो.

नियमपुस्तकात एक कागदी माणूसही आहे. त्याला पोरं पर्सी म्हणतात. बुडासाठी २०० मिमीचं वर्तुळ, खांद्यासाठी तेवढंच, हेल्मेटसकट डोक्यासाठी ३०० मिमीचं. पहिल्या दोन वर्तुळांच्या मध्यबिंदूंत ४९० मिमी आणि खांद्यापासून डोक्यापर्यंत २८० मिमी. पेडलपासून बुडाच्या वर्तुळापर्यंत किमान ९१५ मिमी. हा पर्सी मोजून शंभरातल्या पंचाण्णव पुरुषांएवढा किंवा त्यांच्याहून मोठा असतो. तो बसला की तपासणीचा शिक्का मिळतो. मी प्लायचा पर्सी कापून भिंतीला टांगला आहे. पण पर्सीला कोपर नाही, आणि कोपराशिवाय स्टिअरिंग फिरत नाही. एका वर्षी पर्सी झकास बसला आणि खऱ्या ड्रायव्हरला उजवं वळण पुरतं घेता येईना, कारण कोपर बाजूच्या पाइपला टेकत होतं. गाडी नियमात बसत होती आणि चालवता येत नव्हती.

दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं. त्याच नियमांत म्हटलं आहे की शंभरातल्या पाचव्या नंबरच्या ठेंगण्या बाईपासून पंचाण्णवाव्या उंच पुरुषापर्यंत सगळ्यांना ती जागा चालली पाहिजे. पंचाण्णवावा सगळ्यांना आठवतो, पाचवी कोणालाच नाही. शिवाय ही मापं परदेशी अंगांची. आपल्या माणसांची मापं हवी असतील तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये काढलेलं देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक आहे. एका मुलानं मला त्याच्या काही पानांच्या झेरॉक्स आणून दिल्या. त्या तेलकट होऊन काळ्या पडल्यात, तरी मी त्या ड्रॉवरमध्ये ठेवतो.

एका संघाची ड्रायव्हर मुलगी होती. उंची पाच फुटांच्या आसपास. गाडीतून बाहेर पडण्याची एक परीक्षा असते. पट्टे लावलेले, हात स्टिअरिंगवर, आणि शिट्टी वाजल्यापासून पाच सेकंदांत दोन्ही पाय जमिनीवर. तिला आठ सेकंद लागत होते. पोरं तिला दमात घेत होती, "अगं, झटपट कर ना." ती पुन्हा बसायची, पुन्हा आठ. मी शेवटी पुढून गाडीच्या नाकातून टॉर्च मारून तिचे पाय पाहिले. पेडल पर्सीच्या मापानं लांब होते, म्हणून पोरांनी तिच्यासाठी पेडलवर लाकडी ठोकळे बोल्टनं बसवले होते. निघताना तिच्या बुटाची टाच ठोकळ्यात अडकत होती. मग पाय मोकळा करायला ती आधी मागे सरकायला बघायची, पण मागे सरकायला जागा नव्हती, कारण सीटही पुढे ओढली होती.

"काका, मला वाटलं माझंच चुकतंय," ती म्हणाली.

दोन आठवडे ती स्वतःला दोष देत होती आणि दोष एका ठोकळ्याचा होता. आम्ही ठोकळे काढले आणि सगळी पेडलपेटी रुळांवर बसवून पुढेमागे सरकणारी केली. तिसऱ्या प्रयत्नात चार सेकंदांच्या आत ती बाहेर उभी होती. पुढे २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची फॉर्म्युला वन गाडी कठड्यात घुसून पेटली. डोक्यासमोरच्या हेलो नावाच्या टायटॅनियमच्या कमानीनं त्याला वाचवलं. ही कमान २०१८ पासून सक्तीची आहे आणि दिसायला वाईट म्हणून तिला सुरुवातीला पुष्कळ विरोध झाला होता. पण त्याला आगीतून निघायला अठ्ठावीस सेकंद लागले, त्याचं एक कारण पाय होता. डावा पाय पेडलपाशी अडकला होता. बूट आतच सोडून त्यानं पाय ओढून काढला. ती दृश्यं मोबाइलवर बघताना मला आमचा लाकडी ठोकळा आठवला.

आता जे सांगणार आहे ते मी फार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

संघांची कामं बघून बाहेरचे लोकही यायला लागले. एका गिऱ्हाइकाची चिखलातल्या शर्यतींची जीप होती. तिला आम्ही आत पिंजरा बसवला. काम मजबूत होतं, मला त्याचा अभिमान होता. गाडी न्यायला आल्यावर ते म्हणाले, "पुढचं दिसत नाही, सीट दोन इंच उचलून द्या." मी उचलून दिली. खाली स्पेसर, लांब बोल्ट, वीस मिनिटांचं काम. पुन्हा टेप लावली नाही. वरच्या पाइपला गुंडाळायला मी एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा मऊ फोम वापरला होता. दिसायला अगदी रेसिंगचा वाटतो. खांद्याचे पट्टे सीटच्या मागे खाली जमिनीला बांधले होते, कारण तिथे तयार भोक होतं.

पावसाळ्यात एका उतारावर ती गाडी अगदी सावकाश कुशीवर उलटली. पिंजऱ्याला पोचाही आला नाही. पण त्यांचं डोकं हेल्मेटसकट वरच्या पाइपवर आपटलं. मान दुखावली. काही महिने कॉलर लावून होते. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाले, "तुमच्या पिंजऱ्यानं वाचलो." मी मान डोलावली आणि घरी आलो. त्या रात्री आणि पुढे कित्येक रात्री मला झोप लागली नाही, कारण मला माहीत होतं की त्यांना लागलं तेही माझ्याच पिंजऱ्यानं.

एकेक गोष्ट नंतर उलगडत गेली. एसीचा फोम बोटानं दाबला तरी बसतो. डोक्याच्या आपटण्यात तो असून नसल्यासारखा. तिथे दाट, टणक फोम लागतो, जो हाताला जवळजवळ लाकडासारखा लागतो आणि जोराच्या माऱ्यातच दबतो. फॉर्म्युलाच्या नियमांत डोक्यामागच्या टेकूला ४० मिमी जाडीची गादी आणि ८९० न्यूटन, म्हणजे साधारण ९० किलोचा जोर सहन करण्याची अट आहे. ती अट आधी मला कागदी वाटायची. बाहाच्या नियमांत हेल्मेटभोवती पिंजऱ्याच्या पाइपांपर्यंत १५२ मिमी आणि बाकी अंगाभोवती ७६ मिमी मोकळी जागा मागतात. सीट दोन इंच उचलली तेव्हा मी त्या १५२ मधले पन्नास मिमी खाल्ले होते. आणि पट्टे जमिनीला बांधले की आपटल्यावर ते खांदे खाली ओढतात, कणा दाबला जातो. शिवाय पट्टा जितका लांब तितका ताणतो, म्हणजे माणूस तितका पुढे जातो. खांद्याचा पट्टा खांद्यापासून मागे जवळजवळ आडवाच गेला पाहिजे. फॉर्म्युलाच्या गाडीत आडव्या रेषेच्या वर १० अंश आणि खाली २० अंश, यापलीकडे सूट नाही.

त्या अपघातापर्यंत मी जागा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी समजत होतो. जागा म्हणजे आराम, पाइप म्हणजे सुरक्षितता. आता मला वाटतं, डोक्याभोवतीची रिकामी हवा हा पिंजऱ्याचाच भाग आहे, पाइपाइतकाच, आणि तो बनवायला सगळ्यात कठीण, कारण तो ड्रॉइंगमध्ये दिसत नाही आणि त्याचं बिल लावता येत नाही. म्हणूनच सगळे तो आधी खातात. वजन कमी करायचंय, कमान खाली घ्या. बॅटरी मोठी झाली, सीट पुढे सरकवा. माणूस आवळून बसवता येतो असा सगळ्यांचा समज असतो.

आवळायचा तर असतोच. हा घोळ पोरांच्या डोक्यात नेहमी होतो. ऐसपैस जागा म्हणजे सोफ्यासारखी जागा नव्हे. सीट अंगाला घट्ट हवी. ती आम्ही फोम ओतून बनवतो. दोन रसायनं एकत्र केली की काही मिनिटांत फेस फुगायला लागतो. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटच्या जागी ठेवायचा आणि ड्रायव्हरला वर बसवायचं. फोम गरम होत फुगतो, कमरेच्या खळग्यात शिरतो आणि घट्ट होतो. बसणाऱ्यानं तेवढा वेळ हलायचं नाही, हसायचं नाही. मग सहा टोकांचे पट्टे, इतके ओढलेले की खांदा उचलता येऊ नये. सगळं अंग सीटला शिवल्यासारखं, आणि त्या अंगाच्या भोवती मात्र हात फिरायला, गुडघा उचलायला, डोकं डुलायला मोकळीक. आतून घट्ट, बाहेरून सैल. आईचा ब्लाउज याच्या बरोबर उलटा होता, तरी हे सांगताना मला तीच आठवते.

जागा नंतर शोधायला गेलं की काय होतं याची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या संघाला सांगतो. फॉर्म्युला वनच्या १९९४ च्या मोसमात आयर्टन सेनाला त्याच्या नव्या गाडीत स्टिअरिंगपाशी हाताला जागा पुरत नव्हती. म्हणून संघानं स्टिअरिंगचा दांडा कापून मध्ये कमी व्यासाचा तुकडा वेल्ड केला. १ मे १९९४ ला इमोलाच्या शर्यतीत अपघात होऊन सेना गेला. दांडा तुटलेला सापडला. तो तुटला म्हणून अपघात झाला की अपघातात तो तुटला, यावर इटलीतल्या कोर्टात वर्षानुवर्षं खल झाला. त्यात पडण्याची माझी योग्यता नाही. मी पोरांना एवढंच विचारतो, की जगातला सगळ्यात मोठा ड्रायव्हर आणि जगातले सगळ्यात हुशार इंजिनिअर असताना गाडी तयार झाल्यावर करवत का काढावी लागली?

कधीकधी एखादा तरुण रोजच्या वापराच्या गाडीत पिंजरा बसवून मागतो. दिसायला भारी, म्हणून. मी नाही म्हणतो. रेसमध्ये तुम्ही हेल्मेट घालता, सहा ठिकाणी बांधलेले असता, म्हणून पाइप तुमचा रक्षक. डोंबिवलीला मावशीकडे जाताना उघड्या डोक्याशेजारी तोच पाइप म्हणजे टांगलेला हातोडा. गिऱ्हाईक रागावून जातं. जाऊ दे.

आमच्या गाळ्यापासून अहमदाबाद हायवे जवळ आहे. रात्री उशिरापर्यंत ट्रकचे आवाज येतात. ४ सप्टेंबर २०२२ ला याच हायवेवर, वर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या वेल्डरनं मला विचारलं, "शेठ, एवढ्या भारी गाडीत पण पट्टा लागतो?" इतकी वर्षं तो माझ्याबरोबर पट्ट्यांचे ब्रॅकेट वेल्ड करत होता. मी त्याला त्या दिवशी पीव्हीसीच्या गाडीत बसवलं, पट्टे ओढून बांधले आणि मी नि आणखी एकानं मागून ती चौकट जमिनीवरून ढकलत नेऊन भिंतीवर थांबवली. चालण्याच्या वेगानं. मग पट्टे सोडून पुन्हा तेच, आणखी हळू. दुसऱ्या वेळी त्याचे हात आपोआप पुढे आले आणि तरी छाती स्टिअरिंगला लागली. तो काही बोलला नाही. आता तो ब्रॅकेटचा वेल्ड कोणाला हात लावू देत नाही.

पट्ट्यांचे ब्रॅकेट वेल्ड करणारा, पेडल बसवणारा, फोम कापणारा, या प्रत्येकानं एकदा आत बसावं असा माझा आग्रह असतो. पोरांच्या संघात ड्रायव्हर वेगळे आणि ड्रॉइंगवाले वेगळे असतात. ड्रॉइंगवाल्याला मी हेल्मेट घालून बसवतो आणि डोळे मिटायला सांगतो. आता आग लागली आहे, मुख्य स्विच बंद कर. हात हवेत चाचपडतो. स्विच ड्रॉइंगमध्ये बरोबर जागी असतो, फक्त पट्टे ओढल्यावर हात तिथवर पोचत नाही. त्यानंतर त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तो स्वतःच पेन्सिल मागतो.

आता इलेक्ट्रिक गाड्या जास्त येतात. ड्रायव्हरच्या पाठीशी बॅटरी आणि मध्ये आगीची भिंत. बॅटरीच्या बाजूला अर्धा मिमीहून थोडा जाड ॲल्युमिनियमचा पत्रा, ड्रायव्हरच्या बाजूला विजेला रोखणारा थर. दोन थर आले की पुन्हा जाडी आली आणि पुन्हा कोणीतरी म्हणतंच, "काका, सीट जरा पुढे घेऊ या का?" मी भिंतीवरचा पर्सी काढून त्यांच्या हातात देतो.

यंदाच्या संघाचा सांगाडा टेबलावर मांडलेला आहे. मेन हूप वाकवून झाला, खाचा पाडून झाल्या, पाइप जिगमध्ये धरले आहेत. तीन ड्रायव्हर मापाला येऊन गेले. चौथी मुलगी नवी आहे, परवाच संघात घेतली. ती वसईला उतरली आहे, रिक्षा मिळत नाही म्हणून फोन आला. बाहेर पाऊस आहे. पोरं म्हणतात, काका, ती उंचीनं दुसरीएवढीच आहे, पहिले चार टाके मारून घेऊ या ना. आई टाका म्हणायची, वेल्डच्या ठिपक्याला पोरं बाहेर टॅक म्हणतात, माझ्या गाळ्यात आली की तीही टाका म्हणायला लागतात. वेल्डरनं मशीन चालू करून ठेवलं आहे आणि माझ्याकडे बघतो आहे. मी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि कोपऱ्यातली पीव्हीसीची गाडी पुसायला घेतली. तिचं हेल्मेट कुठलं, ते तेवढं फोन करून विचारायचं राहिलं.